लेकीचा दुसरा डोस पुढे ढकलावा का?

प्रश्न

माझी मुलगी साडेनऊ आठवड्यांची आहे. सहाव्या आठवड्यात तिला पेंटाव्हॅलंट लस टोचली आणि पोलिओचे व रोटाव्हायरसचे थेंब पाजले. त्या संध्याकाळी तिला १०१ अंश ताप आला, मांडीवर कडक गाठ आली आणि ती इतकी रडली की मी आणि माझे पती आळीपाळीने तिला खांद्यावर घेऊन रात्रभर येरझाऱ्या घालत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला आणि ती नेहमीसारखी दूध पिऊ लागली, पण ते रडणे माझ्या कानांतून अजून गेलेले नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरा डोस आहे. याच सुमारास माझ्या जाऊबाईंनी मला एक लांबलचक मजकूर पाठवला. त्यात म्हटले आहे की लसींमध्ये पारा आणि ॲल्युमिनियम असते, एकाच वेळी पाच-सहा रोगांच्या लसी दिल्याने बाळाच्या कोवळ्या प्रतिकारशक्तीवर ताण पडतो आणि लसींमुळे मुले स्वमग्न (ऑटिस्टिक) होतात. जाऊबाई वाईट हेतूने काही करणाऱ्यांपैकी नाहीत. त्यांचाही या बाळावर जीव आहे, आणि म्हणूनच तो मजकूर मला बाजूला सारता येत नाही.

मी लसींच्या विरोधात नाही. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी ‘सगळ्यांनाच ताप येतो, काळजी करू नका’ एवढेच सांगितले आणि पुढच्या बाळाकडे वळले. काळजी करू नका असे सांगितल्याने काळजी जात नाही, हे मला त्या दिवशी समजले. दुसरा डोस दोन-तीन महिने पुढे ढकलला, किंवा लसी एकेक करून सुट्या सुट्या घेतल्या, तर बाळाला कमी त्रास होईल का? ज्यांनी या वाटेने जाऊन पाहिले आहे किंवा ज्यांना यातले नीट कळते, त्यांनी मला सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर १ (लसीकरण कक्षात अनेक वर्षे काम केलेली परिचारिका)

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी सांगते आणि कारणे नंतर देते. दुसरा डोस पुढे ढकलू नका, आणि लसी सुट्या करून घेतल्याने तुमच्या मुलीचा ताप कमी होणार नाही.

पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जिवाणूमुळे होणारा मेंदूज्वर व न्यूमोनिया, अशा पाचांवरची लस असते. यांपैकी घटसर्प, धनुर्वात आणि कावीळ ब यांच्या भागांत प्रतिकारशक्तीला ओळखावे लागणारे प्रथिन प्रत्येकी एकच असते. डांग्या खोकल्याचा भाग मात्र मारलेल्या संपूर्ण जिवाणूपासून केलेला असतो आणि त्यात सुमारे ३००० वेगवेगळी प्रथिने असतात. ताप, गाठ आणि रडणे यांचे मोठे कारण हा एकच भाग आहे. बाकीच्या लसी वेगळ्या दिवशी दिल्या तरी डांग्या खोकल्याच्या सुईचा ताप यायचा तो येईलच, शिवाय बाळाला जास्त वेळा टोचून घ्यावे लागेल. काही ठिकाणी जिवाणूचे निवडक भागच वापरून केलेली लस मिळते. तिच्यामुळे ताप कमी येतो, पण तिचे संरक्षणही लवकर ओसरते असे आढळले आहे, त्यामुळे तो पर्याय हवा असल्यास डॉक्टरांशी दोन्ही बाजूंनी बोलून घ्या.

प्रतिकारशक्तीवर ताण पडेल ही भीती मी सर्वाधिक वेळा ऐकली आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला जी देवीची लस टोचली जात असे, त्या एका लसीत सुमारे २०० प्रथिने होती. जन्मल्या क्षणापासून बाळाच्या त्वचेवर, तोंडात आणि आतड्यांत असंख्य जिवाणू वस्तीला येतात आणि त्याचे शरीर त्यांच्याशी जमवून घेते. त्या तुलनेत लसीतून होणारी ओळख अगदी मोजकी असते.

पाऱ्याबद्दल. अनेक डोस असलेल्या काही कुप्यांमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल घालतात आणि त्यापासून शरीरात इथिल पारा तयार होतो. माशांमधून पोटात जाणारा आणि शरीरात साठत जाणारा तो मिथिल पारा. या दोघांची नावे जवळची असली तरी शरीरातील वागणूक निराळी आहे. इथिल पारा फार लवकर बाहेर टाकला जातो. अमेरिकेत २००१ पर्यंत बालकांच्या नेहमीच्या लसींमधून थायोमर्सल जवळजवळ पूर्णपणे काढून टाकण्यात आले, तरीही त्यानंतर तिथे स्वमग्नतेचे निदान होणाऱ्या मुलांची संख्या वाढतच राहिली. पारा हे कारण असते, तर ती घटायला हवी होती.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत ‘दुधातूनही ते पोटात जाते’ असे उत्तर नेहमी दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण पोटात गेलेले ॲल्युमिनियम बहुतांशी शौचावाटे निघून जाते आणि टोचलेले तसे जात नाही. खरे उत्तर मोठ्या पाहणीतूनच मिळते. डेन्मार्कमध्ये सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लसींमधून कमी-अधिक ॲल्युमिनियम मिळालेल्या मुलांची दमा, ॲलर्जी, स्वमग्नता अशा एकूण ५० विकारांच्या दृष्टीने तुलना केली होती, आणि जास्त ॲल्युमिनियममुळे धोका वाढल्याचे दिसले नाही.

आता ढकलण्याविषयी, कारण माझा खरा आग्रह इथे आहे. डांग्या खोकला मोठ्या माणसाला कित्येक आठवडे हैराण करतो, पण जीव घेतो तो प्रामुख्याने पहिल्या काही महिन्यांच्या बाळांचा. इतक्या लहान बाळाला कधी कधी खोकल्याची ती ओळखीची ढास लागतच नाही. त्याचा श्वास मध्येच थांबतो आणि ते निळे पडते. पहिल्या डोसाने मिळणारे संरक्षण अर्धवट असते. दोन-तीन महिने थांबणे म्हणजे ज्या वयात हा रोग सर्वांत घातक आहे, नेमक्या त्याच वयात तिला अर्धवट संरक्षणावर ठेवणे.

त्रास कमी करण्यासाठी मात्र पुष्कळ काही करता येते, आणि गर्दीच्या कक्षात ते कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. टोचताना तिला आडवी न झोपवता मांडीवर, तुमच्या अंगाला बिलगून बसवा. शक्य असल्यास टोचण्याच्या थोडे आधीपासून ते टोचून झाल्यानंतरही अंगावर पाजत राहा. रोटाव्हायरसचे थेंब आधी आणि सुई शेवटी द्यायला सांगा. ताप येण्याच्या आधीच खबरदारी म्हणून पॅरासिटामॉल स्वतःहून देऊ नका, कारण तसे केल्याने काही लसींना शरीराचा प्रतिसाद कमी झाल्याचे आढळले आहे. ताप आला किंवा ती दुखण्याने कळवळली, तर डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेला डोस द्या. गाठ चोळू नका. ती काही आठवडे राहू शकते आणि आपोआप विरते.

मला एक सांगा, त्या रात्री ती सलग किती वेळ रडत होती? जवळ घेऊनही न थांबता तीन तास किंवा अधिक रडणे, १०४ अंशांपुढे ताप, आकडी, किंवा बाळ एकाएकी पांढरे पडून लुळे होणे आणि हाकेला दाद न देणे, यांपैकी काही झाले असेल तर पुढच्या डोसाआधी ते डॉक्टरांना स्पष्ट सांगायलाच हवे.

उत्तर २ (दोन मुलांचा बाबा)

स्वमग्नतेविषयी मी लिहितो, कारण माझा मोठा मुलगा स्वमग्न आहे.

तो सव्वा वर्षाचा असताना त्याला गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस दिली आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत तो जे चार शब्द बोलत असे तेही बोलेनासा झाला. निदान झाले तेव्हा मला पहिली आठवण झाली ती त्या सुईची. त्याला लसीकरणासाठी मी स्वतः नेले होते, म्हणून तीन वर्षे मी स्वतःला अपराधी मानत राहिलो आणि पत्नीशी त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. पुढे एकदा त्याच्या पहिल्या वाढदिवसाआधीची चित्रणे आम्ही दोघे बसून पाहत होतो. त्यांत मी त्याला पाच-सहा वेळा नावाने हाक मारतो आणि तो एकदाही मान वळवत नाही. ते चित्रण लसीच्या चार महिने आधीचे होते. जे आम्ही नंतर पाहिले ते आधीपासूनच होते; ती लक्षणे ठळकपणे दिसू लागण्याचे वय आणि त्या लसीचे वय एकच आहे.

त्यानंतर मी हा संशय कुठून आला ते शोधले. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात केवळ १२ मुलांवर आधारित एक निबंध प्रसिद्ध केला आणि तिथून ही भीती जगभर गेली. लस उत्पादकांवर खटला उभा करू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्डला पैसे मिळत होते, हे नंतर उघड झाले. मुलांच्या आजाराच्या नोंदी आणि निबंधातील वर्णन जुळत नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमधील वैद्यकीय परिषदेने त्याचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकले.

एक निबंध खोटा ठरला म्हणजे दावा खोटा ठरतोच असे नाही, हे मलाही पटत होते. त्याचे उत्तर मला डेन्मार्कच्या २०१९ मधील अभ्यासात मिळाले. त्यात ६,५७,४६१ मुलांचा कित्येक वर्षे मागोवा घेतलेला होता आणि ही लस न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. ज्यांच्या भावंडांना स्वमग्नता आहे अशा मुलांचा त्यात वेगळा विचार केलेला होता, आणि त्यांच्यातही लसीमुळे धोका वाढलेला नव्हता. तुमच्यासाठी हा तपशील कदाचित किरकोळ असेल, पण आमची धाकटी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि आमचा निर्णय त्या एका तपशिलावर अडून राहिला होता. तिला आम्ही सर्व लसी वेळेवर दिल्या.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. त्या मजकुरात स्वमग्नतेचा उल्लेख ज्या सुरात केलेला असतो, त्यातून असे वाटते की मूल माझ्या मुलासारखे होण्यापेक्षा त्याने गोवराचा धोका पत्करलेला बरा. माझा मुलगा मला जसा आहे तसा प्रिय आहे.

उत्तर ३ (चार वर्षांच्या मुलाची आई)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी माझे थोडे वेगळे म्हणणे आहे.

माझ्या मुलाला गोवराच्या लसीनंतर नवव्या दिवशी अचानक चढलेल्या तापात आकडी आली. त्याचे डोळे वर गेले आणि हातपाय झटके देऊ लागले. ती दोन मिनिटे मी कशी काढली ते मी सांगू शकणार नाही. आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तिथे मी लसीचा उल्लेख केला, तर ‘लसीचा याच्याशी काही संबंध नाही, इंटरनेटवरचे वाचू नका’ असे मला सगळ्यांसमोर ऐकवण्यात आले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की ही लस दिल्यानंतर साधारण सहा ते चौदा दिवसांत ताप येऊन आकडी येणे ही माहीत असलेली गोष्ट आहे, तिचे प्रमाण ३००० ते ४००० डोसांमागे एक इतके असते, आणि अशा आकडीमुळे मुलाचे कायमचे नुकसान होत नाही. हेच पहिल्या दिवशी कळले असते तर माझा विश्वास उडाला नसता.

लसींच्या बाबतीत चुका झालेल्याच नाहीत, असेही कोणी सांगू नये. १९५५ मध्ये अमेरिकेत पोलिओच्या लसीच्या काही साठ्यांमध्ये जिवंत विषाणू राहून गेले आणि त्यामुळे सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला व १० जण दगावले. रोटाव्हायरसची पहिली लस तिथे १९९८ मध्ये आली आणि तिच्यामुळे काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरत असल्याचे लक्षात आल्यावर १९९९ मध्ये ती बंद करावी लागली. आजच्या रोटाव्हायरस लसींमध्येही हा धोका अगदी थोड्या प्रमाणात, साधारण २०,००० ते १,००,००० बाळांमागे एक, असतोच. तेव्हा थेंब पाजल्यानंतर आठवडाभर बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून कळवळत असेल, उलट्या करत असेल किंवा शौचातून रक्त पडले, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे, हे प्रत्येक आईला आधीच सांगितलेले असायला हवे. मला ते कोणीही सांगितले नव्हते.

मी मुलाच्या पुढच्या सगळ्या लसी दिल्या. गोवराच्या दुसऱ्या डोसाच्या वेळी दोन आठवडे थर्मामीटर उशाशी ठेवले होते.

उत्तर १ लिहिणारी परिचारिका, पुन्हा

तुम्हाला सगळ्यांसमोर जे ऐकून घ्यावे लागले, त्याबद्दल त्याच पेशातली म्हणून मला खेद वाटतो. तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे, आणि रोटाव्हायरसच्या लक्षणांचा उल्लेख माझ्या उत्तरातच यायला हवा होता. पहिली लस एका वर्षात बंद झाली, याचा अर्थ लस आल्यानंतरही तिच्यावर कोणाची तरी नजर होती, असा मी लावते. त्या नजरेला तुमच्यासारख्या पालकांनी केलेली नोंद हवी असते. म्हणून कोणी संबंध नाही म्हटले तरी नोंद करून घ्यायला सांगा.

भीतीने लसीकरण थांबले की काय होते, याची दोन उदाहरणे माझ्या मनातून जात नाहीत. जपानमध्ये डांग्या खोकल्याच्या लसीनंतर दोन बाळे दगावली आणि १९७५ मध्ये ती लस काही काळ थांबवली गेली. लस घेणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर घसरले. आधीच्या वर्षांत हा रोग तिथे जवळजवळ दिसेनासा झाला होता. १९७९ मध्ये १३,००० रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले.

सामोआची गोष्ट तर मला परिचारिका म्हणून फार जिव्हारी लागते. २०१८ मध्ये तिथे गोवराच्या लसीनंतर दोन बाळे काही मिनिटांतच गेली. लसीची भुकटी पाण्यात मिसळण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात मिसळली गेली होती. लसीत दोष नव्हता, ती हाताळणाऱ्या हातांची चूक होती. पण लसीकरण कित्येक महिने थांबले, लोकांचा विश्वास गेला, आणि २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली तेव्हा साधारण दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ५,७०० हून अधिक जण आजारी पडले आणि ८३ जण मरण पावले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. कुपी आणि तिच्यासोबतचा द्रव यांची नावे टोचण्याआधी पालकांना दाखवायला मी तेव्हापासून कधी चुकले नाही. ताई, तुम्हीही निःसंकोच दाखवायला सांगा; कोणी रागावले तर रागावू द्या.

प्रश्न विचारणारी आई

सर्वांचे मनापासून आभार. त्या रात्री ती सलग नव्हे, थांबून थांबून रडत होती. सर्वांत लांब रडणे साधारण पाऊण तासाचे असेल. जाऊबाईंना मी ही उत्तरे वाचून दाखवली. त्यांची शंका पूर्ण गेली असे म्हणता येणार नाही, पण दोन मुलांच्या बाबांनी लिहिलेल्या त्या चित्रणाविषयी ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या आणि सोमवारी त्या आमच्यासोबत येणार आहेत. आता एकच अडचण आहे. काल रात्रीपासून मुलीचे नाक वाहते आहे. ताप नाही आणि दूध नीट पिते आहे. अशा वेळी लस द्यावी का?

उत्तर १ लिहिणारी परिचारिका

ताप नसेल आणि ती नीट पीत असेल, तर साध्या सर्दीसाठी डोस थांबवत नाहीत. सोमवारी सकाळी तिचा ताप मोजून निघा; १०० अंशांपुढे असेल तर लसीचा विचार बाजूला ठेवून तिला आधी डॉक्टरांना दाखवा, कारण तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप कधीही अंगावर काढायचा नसतो. मागच्या वेळचा ताप, गाठ आणि रडण्याचा कालावधी कार्डावर लिहून न्या. डोस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एखादीच होते, पण होते तेव्हा बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होते आणि तिच्यावरचे इंजेक्शन तिथे हाताशी असते. या वेळी दुसऱ्या मांडीत टोचायला सांगा, म्हणजे जुनी गाठ अजून दुखत असेल तर तिला धक्का लागणार नाही.